गडद तपकिरी, क्रमांक चार

आधी मला वाटलं, गंज.
आमचं पाणी गंधकाचं, पाइप खातं;
त्याच्या बाजूच्या अभ्र्यावर तांबूस पूड,
झटकली की गेली.

मग न्हाणीघरात, दाढीच्या ब्रशामागं,
मिरपुडीच्या डबीएवढी डबी.
झाकणाला तशीच भोकं.
गडद तपकिरी, क्रमांक चार.
खाली बारीक अक्षरांत: मेंढीच्या लोकरीपासून.

टबाच्या काठावर बसून मी हसले.
सासऱ्यांनी जन्मभर मेंढ्या भादरल्या,
आणि त्यांचा एविंदुर, बंदरातल्या वजनकाट्यावरचा साहेब,
मेंढीकडून उसनं घेतोय
चिमटीचिमटीनं.

डबी होती तशी ठेवली.
नाव भिंतीकडं होतं की माझ्याकडं, आठवेना,
म्हणून दोनदा फिरवली.

वारा असला की गाडीतून उतरायच्या आधी
तो का थांबतो, ते तेव्हा कळलं.
नातीला खांद्यावर घेणं का सुटलं
("पाठ धरते").
आणि गरम कुंड.
तीन वर्षं तो कुंडात आला नव्हता.
हुसाविकमध्ये चर्चला नाही गेलात तर चालतं,
कुंडात नाही आलात की लोक दारात येतात: बरा आहे ना?
पण कुंडाआधी अंघोळ. सगळ्यांदेखत, साबणानं.
कुठं कुठं घासायचं त्याचं चित्र लावलंय भिंतीवर,
लाल रंगात सगळ्यात वर
डोकं.

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच,
पण आमच्याकडं डिसेंबरात ते साडेअकराला फुटतं
आणि जेवण उरकेस्तोवर मावळतं.
तेवढ्यात कुणाला काय दिसणार,
असं त्यानं धरलं असावं.

मी तरी कुठली धुतल्या तांदळाची!
डाव्या कपात सहा वर्षं सिलिकॉन घालते.
ते त्याला ठाऊक,
आणि बायकांच्या न्हाणीतल्या झाडून सगळ्यांना.
पहिल्या दिवशी एकीनं माझा साबण उचलून दिला,
बस, एवढंच.

फेब्रुवारीत केतिल वारला.
अंत्यविधीच्या सकाळी न्हाणीघरात काहीतरी पडलं.
बेसिन तपकिरी, शर्ट तपकिरी,
हातात रिकामी होत आलेली डबी.
"मिरपूड सांडली," तो म्हणाला.
"न्हाणीघरात?"
दोघांपैकी कुणालाच शिंक आली नाही.
"बस खाली," मी म्हटलं.
तळाशी उरलं होतं ते मागच्या बाजूला भुरभुरलं,
जिथं त्याला आरसा पुरत नाही,
आणि तीन वर्षं नुसतीच अंदाजानं पेरणी झाली होती.
तो हूं की चूं न करता बसून राहिला.
मानेवरचा शहारा मात्र दिसला.

दफनभूमीत वारा आडवा, गारठलेलं पाणी घेऊन.
पाद्री बोलत होते आणि एविंदुरच्या कानशिलावरून
एक तपकिरी ओघळ निघाला,
कॉलरपाशी जरा थांबला, मग आत उतरला.
माझ्या हातमोज्यात रुमाल होता.
मी तो बाहेर काढला नाही.

दुपारी केतिलचे सोबती कुंडात जमले.
त्याच्या कोपऱ्यात कुणी बसलं नव्हतं.
पुरुषांच्या बाजूचं दार उघडलं,
वाफ आली, मागून तो आला,
बोडका, लालबुंद, पोट आत ओढून.
बर्फ भुरभुरत होता. टाळूवर टेकायचा,
विरघळायचा.
ओर्नोल्फुरनं नुसतं सरकून जागा केली:
"ये. आज बेचाळीस आहे."

माझ्याशेजारी तो गळ्यापर्यंत बुडाला.
तेव्हा दिसली, शेंड्याच्या जागी पांढरी खूण,
नखाएवढी, वाकडी.
चाळीस वर्षांच्या संसारात ही मला माहीत नव्हती.
मी बोट ठेवलं.
"मेंढा," तो म्हणाला. "सहा वर्षांचा होतो. चूक माझीच होती."

नवी डबी आणलीय. बँकेत जाताना लावतो,
नातीच्या शाळेत जाताना लावतो.
मागची बाजू माझ्याकडं.
ती खूण तेवढी
मी सोडून देते.