नर डावीकडे, मादी उजवीकडे

सियावोंगा. मरूलाची फळं पडायचा महिना.
केळ्याच्या फोडी घालून टांगलेल्या बाटल्या
मी तांबडं फुटायच्या आत उतरवून आणते
आणि करीबाच्या पाण्याकडे पाठ करून
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते.
पाण्यावर रात्रभर कापेंटाच्या बोटींचे दिवे होते.
त्यातल्या एका बोटीत माझा भाऊ, चोल्वे.

गॅसचा एक फुंकर, की माश्या निपचित.
मग कुंचल्याच्या टोकानं
नर डावीकडे, मादी उजवीकडे.
नराचं बूड दौतीत बुडवल्यासारखं काळं,
पुढच्या पायावर इवलीशी कंगवी,
दहा-बारा दातांची, मी मोजलेत.
मादी जरा थोराड, शेवटपर्यंत पट्ट्यापट्ट्यांची.
दिवसाला आठशे.
रात्री डोळे मिटले तरी पापणीआड
कुणीतरी घेवडा निवडत बसलेलं असतं.

मग त्यांना गोठवायचं.
(हे मी आईला सांगत नाही. तिला वाटतं, मी माश्या पाळते.)
डबा विमानानं कुठल्याशा थंड गावी जातो
आणि दोन महिन्यांनी परत येते एक यादी:
कोणतं जनुक
कुणाच्या अंगात किती जागं होतं.

पहिल्यांदा मी विचारलं होतं,
नराची जनुकं वेगळी आणि मादीची वेगळी का हो?
चिसेंगाबाई खिडकीशी गेल्या, बोटींकडे बोट दाखवलं.
बोट तीच. दिव्यांची माळ तीच.
याने हे पेटवले, तिने ते.
(नराकडे एक फुटका कंदील जादा असतो, तो सोड.)

नराकडचे दिवे म्हणे घाईत बदलतात.
शेजारच्या जातीशी ताडून बघ:
मादीची जनुकं अजून ओळख देतात,
नराची रस्त्यात भेटली तरी
मान वळवून पुढे जातात.
काही तर कालपरवाच जन्मलेली,
आगापिछा नसलेली, थेट वृषणात कामाला लागलेली.

आणि काही जनुकांवरून झोंबाझोंबी.
त्याला लाभतं ते तिला बाधतं,
तिला मानवतं ते त्याला महागात पडतं,
हजारो पिढ्या एकच गोधडी दोघं ओढतात.
मग कधीतरी नक्कल करताना हात चुकतो,
एका जनुकाची दोन होतात.
भांडण मिटत नाही. वाटणी होते.

मला सगळ्यात आवडतं ते एक्सचं.
तीन दिवसांतले दोन दिवस ते मादीच्या घरी असतं,
म्हणून निव्वळ नराच्या कामाची जनुकं तिथे फारशी नांदत नाहीत.
पुष्कळशी तिथून उठून
दुसऱ्या गुणसूत्रावर बिऱ्हाड करतात.
हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले
आणि पहारेकरी आत डोकावला.

चोल्वे सकाळी येतो, अंगाला मासळीचा वास,
स्टुलावर बसून चहा पितो, यादीकडे बघतो.
म्हणाला, मग मी जाळं ओढतो, तू हे वाचतेस,
तेही यातच लिहिलंय का?
मी म्हटलं, नाही.
त्या वर्षी घरात एकाच्याच फीचे पैसे होते
आणि तू म्हणालास, हिला जाऊ दे.
तो गप्प बसला. कपातली माशी
बोटानं काढून हलकेच टेबलावर ठेवली.
तुझ्यातली आहे का, म्हणाला.

आमच्या टोंगात मुतिन्ता म्हणजे बदल.
ओळीनं चार मुलगे झाले आणि पाचवी मी.
ओळीनं मुली होऊन मुलगा झाला असता
तरी हेच नाव ठेवलं असतं.
नाव बाईचं नाही, बाप्याचं नाही,
वळणाचं आहे.

आज दुपारी गॅस कमी पडला.
शेवटची एक मी पालथी करायच्या आतच
पाय झाडून उठली,
जाळीच्या भोकातून मरूलाच्या आंबूस वासाकडे गेली.
वहीत लिहिलं: सातशे नव्याण्णव.
खाली, बारीक अक्षरात:
एक, न बघितलेली.