ग्रहण लागलेली

मानेवाड्याला प्रफुल ढोबळेच्या मागच्या खोलीत
मे महिन्यात कूलर पालींसाठी चालतो.
डब्यांवर चिकटपट्ट्या:
आई, बाप, अंड्याची तारीख, डोळा.

"हे पाय, ग्रहण. पूर्ण काळा, बाहुली दिसतच नाही.
याले अर्धंच लागलं, भावही अर्धा."
साध्या डोळ्यांच्या तो मोजतही नाही.

मी इतवारीत चष्म्याच्या काचा घासतो, सतरा वर्षं.
लोक दोन्ही डोळे सारखे करून मागतात.
इथे पिढ्यान्‌पिढ्या जुळवल्या
एका बिघाडासाठी.

त्यानं टॉर्च मारला.
काळीनं पापणी मिटली
(हिला पापणी असते;
घरातली बिचारी जिभेनं डोळा पुसते).
"उजेड सोसत नाही जरासा. बाकी तक्रार नाही."

बाहेर शेहेचाळीस.
पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक सुई
फरशीवर सरकत होती.

सगळ्यात खालच्या डब्यात
एक डोळा राखाडी, एक काळाकुट्ट.
"हे काहून ठेवली?"
"कोण नेईन? गिऱ्हाईक जोडी पाह्यते."

मी चष्मा काढला.
डावा उणे साडेचार, उजवा बरा.
ती माझ्याकडे पाहून राह्यली, मी तिच्याकडे,
आणि मनात
कुठलीच पाल चुकचुकली नाही.