चौदा चौकटी

माग बंद असले की दुपारी
मल्लेशम अजून ते चपलेचं खोकं काढतो.
फ्यूज बल्बचं पोट पोखरून भरलेलं पाणी,
आणि दारात आरसा धरायला मी.
(वय सदुसष्ट. हात हलतो.
तो शिव्या घालतो, तेलुगूत.)

पडदा म्हणजे खोटवाली चादर,
विणलेल्या मोरासकट.

ऑपरेटरला शेंगाचटणीचा पुडा देऊन
मिळवलेल्या चौदा चौकटी :
खलनायक कड्यावरून पडतोय.
बस, एवढंच.
तो खाली कधी पोचलाच नाही.

तेव्हापासून आम्हीच त्याला उतरवतोय.
कधी गड्ड्याच्या पाळण्यात,
कधी कंबर तलावात, कमळं चुकवत.
एकदा मल्लेशमच्या आईच्या विड्यांच्या सुपात.
ती म्हणाली, "पडलास ना मेल्या,
आता हजार पुरी करून जा."

ढॅण् ढॅण् मी तोंडानं देतो.
किंकाळी त्याची, अजून पक्की,
गल्लीतलं कुत्रं उठतं.

आज नात म्हणाली,
"पिक्चरमध्ये खरं काय झालं? मोबाईलवर शोधू?"

माझा आरसा जरा फिरला.
मुद्दाम नाही.
उजेड तिच्या डोळ्यांवर.

"थांब गं," मल्लेशम म्हणाला,
"हवेतच आहे अजून.
तू सांग, कुठं टाकू?"