मधला

रविवारी, रिकामी बस पावसकरने
माझ्या दुकानासमोर आणून लावली, मापं घ्यायला.
सोळा बाकं. एका बाकावर दोन, असं कागदावर.
खिडकीच्या बाजूचं रेक्झिन जास्त फाटलंय,
तिथे बसायला भांडतात ना.
सातव्या बाकाखाली सुक्या बोंबलाचं शेपूट,
कुणाच्या तरी डब्यातलं,
आणि कर्कटकाने पत्र्यावर कोरलेलं: सानिका माठ आहे.

मी कुशनवाला.
आजवर शिवलं ते बसण्यासाठी.
अडकवण्यासाठी पहिल्यांदाच.

शाळेत सभा झाली त्याची. मलाही बोलावलं, खर्च सांगायला.
सांगितला. मग बराच वेळ पंखाच तेवढा बोलत होता.

रुबिना मुकादम उठली.
म्हणाली, आंजर्ल्याच्या उतारावर गेल्या वर्षी ब्रेक करकचून लागला,
माझ्या झियादचे दोन दात समोरच्या दांडीवर राहिले.
दुधाचे होते म्हणून गप्प बसले.
आता आलेत ते दुधाचे नाहीत.

पाजपंढरीचा चोगले हात वर न करताच बोलला.
आम्ही होडीला माणूस बांधत नाही, बाई.
उलटली तर बांधलेला आधी जातो.
रस्ता खाडीच्या कडेकडेने. कठडा कुठाय, दाखवा मला.
बस पाण्यात गेली तर एवढी बकलं सोडवणार कोण?
एकटी सुगंधाताई?

सुगंधाताई दाराशी उभी होती, बसमध्ये असते तशीच.
तिला तिथेही सीट नाही
हे तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं,
आणि कुणीतरी स्टूल आणलं. ती बसली नाही.

बिवलकर बाईंनी वहीत मधोमध रेघ मारून
दोन्ही बाजू लिहून घेतल्या.
पावसकर म्हणाला, मी बत्तीसच्या वर पोरं नेतच नाही.
सगळे हसले. तोही.

खरं सांगतो, मला दोघंही पटले.
म्हणून रात्री दुकानात दिवा मालवून
नमुन्याचं बकल लावून बघितलं, स्वतःच्या पोटावर.
सोडवायला चार सेकंद. पुन्हा, तीन.
मग बादलीत पाणी घेतलं, हात बुडवून केलं. पाच.
माझा अंगठा चाळीस वर्षं दाभण दाबतोय.
पहिलीतल्या पोराचा अंगठा
अजून केळ्याची साल नीट सोलत नाही.
हे चोगलेच्या बाजूने झालं.
पण पाण्यात पडायच्या आधी पोर शुद्धीवर तर हवं,
डोकं दांडीवर आपटलेलं नको,
हे रुबिनाच्या.
बादली तशीच ठेवून झोपलो.

सोमवारी पोरांसकट बस आली.
उतरताना मोजली: सेहेचाळीस.
पुन्हा चढवली, टेप घेऊन आत गेलो.
कंबर अठरा इंच, कंबर वीस, एक सव्वीस, लाजली ती.
आणि प्रत्येक बाकावर, दोघांच्या मधे, शिवणीवर,
एक तिसरा.
नेहमी सगळ्यात बारका. दप्तर मांडीवर, पाय अधांतरी.
चौथ्या बाकावरची जुई भुवड म्हणाली,
काका, माझं माप नका घेऊ,
मी घट्टच बसते. पडायला जागाच नाही.

घरी येऊन बिल लिहिलं.
कमरेचे पट्टे, नग अठ्ठेचाळीस.
बाईंचा फोन आला, अहो, बाकं सोळा, पट्टे बत्तीस.
म्हटलं, मग पोरंही बत्तीस न्या.
पलीकडे त्या थांबल्या.
उरलेली कशी येतील हो, म्हणाल्या, दुसरी गाडी कुठाय,
केळशीहून एसटी पोचते शाळेची घंटा झाल्यावर.
त्या काही खोटं बोलत नव्हत्या.

बिल अजून तिकडेच आहे.
निळ्या पट्टीचं बंडल माझ्याकडे, वर धूळ.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बस दुकानावरून जाते,
वळणावर हॉर्न देते.
मागच्या काचेतून तीन डोकी दिसतात.
कडेची दोन दांडीला धरून,
मधलं इकडे, मग तिकडे,
गंमत वाटत असावी त्याला.
मी शटर अर्धं वर धरून उभा,
ती खाली खाडीच्या रस्त्याला लागून
पलीकडच्या चढावर पुन्हा दिसेपर्यंत.