हनुवटीखालची मिशी

कचरा उचलायचा नाही, हाइन्सबाईंनी बजावलंय.
सातवीच्या दाराशी तीन खोकी:
ट्यूनाच्या डब्यांची झाकणं, फाटकी जाळी,
दुधाच्या बाटल्यांची निळी बुचं.
माझ्या हाताला सवय उचलायची.
मी हात खिशात कोंबून पुढं जातो.

न्यूफाउंडलँडचा हा दक्षिण किनारा.
सातवी-आठवी मिळून मुलं पाच.
त्यांनी म्हणे मासा करायचा ठरवलाय,
फळ्यापासून खिडकीपर्यंत लांब.
कॉड.

पाचांतल्या एकानंही
काठोकाठ भरलेली होडी पाहिलेली नाही.
ब्याण्णव साली कॉड बंद झाला
तेव्हा त्यांचे आईबापच एवढेएवढे होते.
मी चोवीसचा. कारखान्यात माझ्या सुरीखाली
मासा जणू आपणहून उघडायचा.
आता आमच्या गावात मासा येतो
थायलंडहून, डब्यातून.

'टाकाऊतून टिकाऊ', फळ्यावर लिहिलंय.
मी रोज संध्याकाळी त्याच्याभोवतीनं पुसतो.

ब्रिएल कीपिंगच्या बोटाला पट्टी.
वायट ओरडतो, खवले चमकले पाहिजेत!
कॉडचे खवले इतके बारीक, पोरा,
की तळव्याला कळत नाहीत.
पण मी झाडणारा. मी झाडतो.

फक्त ती हनुवटी.
बोडकी हनुवटी मला बघवेना.
गुरुवारी सगळे गेल्यावर
फरशी पुसायच्या मॉपचा एक दोरा उसवला,
थर्मासातल्या उरल्या चहात बुडवला,
हीटरवर वाळवला,
आणि लावला जबड्याखाली, जिथं असतो तिथं.
मग बराच वेळ दिवा बंद करायचा राहिला.

सकाळी ब्रिएल तिथंच उभी.
हे कुणी केलं, विचारलं नाही.
दोऱ्याला बोट लावून म्हणाली,
"याचा त्याला उपयोग काय?"

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.
"खाली अंधार असतो," मी म्हटलं.
"मिशीनं तळ चाचपत जातो. खाणं सापडतं."

ती गप्प. मग मागं सरकून
तिनं अख्खा मासा पाहिला, शेपटीपासून.
"आणि पाठीवरचे पर? आम्ही दोन केलेत."

झाडू भिंतीला टेकवला.
"तीन," मी म्हटलं.
"जाळी दे इकडं."