लाभार्थी संख्या

अर्जात एक चौकोन असतो: लाभार्थी संख्या.
दर मार्चला मी तिथे अडते.

गावठाणातल्या चर्चने आम्हांला एक लाख ऐंशी हजार दिले,
उपासकाळातल्या पाकिटांतून जमलेले.
कुणी मटण सोडलं, कुणी सिगारेट,
एका पोराने चाळीस दिवसांचं आइसक्रीम,
असं हिल्डा क्रियाडो सांगतात, समितीच्या खजिनदार,
चष्म्यावरून बघत, पावत्या एकेक उलटत.

त्या पैशांत सात व्हीलचेअर,
डोक्याकडून उचलता येणाऱ्या दोन खाटा,
तीन कमोडच्या खुर्च्या
आणि सायकलचा एक पंप.
पंप का, त्यांनी विचारलं.
म्हटलं, बाई, लल्लूभाई कंपाउंडमध्ये हवा टिकत नाही,
चाकांतली.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

पंक्चरवाला रफीक बिल देत नाही.
मी व्हाउचर करते, तो खाली एक अक्षर काढतो,
दर वेळी वेगळं.
ऑडिटर दर वर्षी त्यावर बोट ठेवतो आणि पान उलटतो.

तर तो चौकोन.
चार नंबरची खुर्ची आधी भागूबाई खरटमलांकडे होती,
पाचव्या मजल्यावर. लिफ्ट बंद,
म्हणून बावीस दिवस ती खिडकीपासून दारापर्यंत चालली,
दारापासून खिडकीपर्यंत.
मुलाने परत आणली तेव्हा पुसलेली होती,
पण मागच्या खिशात अडकित्ता राहिला होता.

मग ती अन्सारींकडे गेली, जरीकामवाल्या. मणक्याचा टीबी.
आठ महिन्यांनी ते स्वतःच आले,
खुर्ची डोक्यावर घेऊन,
जिना चढून धापा टाकत: ही घ्या तुमची.

आता ती इशिकाकडे आहे. वय दहा. पाय खाली पोचत नाहीत.
भाऊ तिला पॅसेजमधून असा पळवतो
की तळमजल्यापर्यंत लोक शिव्या देतात.

खुर्ची एक. मोजायचे किती?
गेलेल्या माणसाला धरायचं का?
भागूबाईंच्या सुनेचा कमरेचा पट्टा सुटला,
तो कुठल्या रकान्यात?
त्या शिव्या?

तीन लिहा, हिल्डाबाई म्हणाल्या. आणि फोटो?
फोटो नाहीत.
केस विंचरल्याशिवाय काढायचा नाही, भागूबाईंनी बजावलं होतं,
आणि त्यांचा हात वर जात नव्हता.
हिल्डाबाईंनी फोटोच्या जागी आडवी रेघ मारली.
उरलेले चारशे बारा रुपये चेकने परत मागितले.

ऑक्टोबरात त्यांचा फोन आला.
आवाज खजिनदाराचा नव्हता.
ती कमोडची खुर्ची, एखादी रिकामी आहे का?
भावासाठी. डिपॉझिट काय असतं?

म्हटलं, काही नसतं.
आल्या. आमचा अर्ज भरायला बसल्या,
त्याच निळ्या पेनने.
नाव: बोनी क्रियाडो. नातं: भाऊ.
उत्पन्नाच्या रकान्यापाशी थांबल्या.
म्हटलं, ते राहू द्या.
राहू दिलं नाही. पेन्शन लिहिली,
खालच्या खोलीचं भाडं लिहिलं, बेरीज केली,
बेरीज पुन्हा तपासली.

शेवटची ओळ: परत करण्याची अंदाजे तारीख.
पेन टेकलं. उचललं.
ते आम्ही कुणाकडून भरून घेत नाही, मी म्हणाले.
मग छापता कशाला?
मला उत्तर सुचलं नाही.

रफीकने खुर्ची टॅक्सीच्या टपावर बांधली.
दोरी पक्की होती, तरी त्या खिडकीतून हात वर घालून
तिचा एक पाय धरून बसल्या
आणि टॅक्सी पुलाकडे वळली.

मी रजिस्टर उघडलं. कमोड खुर्ची, क्रमांक दोन.
मार्चला अजून अवकाश आहे.