पान एकशे सतरा

नांदेडात विद्यापीठाच्या फाटकासमोर, रसवंतीला लागून
माझं दुकान : टायपिंग, झेरॉक्स, प्रबंध बांधून मिळतील.
मी टाइप करते, मौलाभाई बांधतात.
बावीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून
दोनशे एक्केचाळीस डॉक्टर केले,
बारावीच्या पुढं मात्र दोघांतलं कुणी गेलं नाही.

विज्ञानाला निळं रेक्झिन, कलेला मरून, वाणिज्याला हिरवं.
सोनेरी अक्षरं सगळ्यांना सारखीच.
सकाळी तुरीच्या शेंगेतली अळी,
दुपारी निजामाच्या काळातल्या महसुली दप्तरांची भाषा,
दिवे लागताना एक समीकरण,
ज्याला उत्तर आहे एवढंच सिद्ध झालंय,
कोणतं, ते त्या पोरालाही ठाऊक नाही.
रात्री कणीक मळताना सगळं एका परातीत :
अळीला विभक्तीचे प्रत्यय लागतात,
दप्तरं अनंताकडं सरकतात,
आणि तव्यावरची भाकर करपते.

मला कळत नाही, म्हणून चुका होत नाहीत.
कळाय लागलं की बोटं अडतात.
एकदा अडली होती.
भूकंपानंतर किल्लारीकडच्या विहिरींचं पाणी
किती वर आलं, किती खाली गेलं, त्याचे तक्ते.
एका विहिरीसमोर लिहिलेलं : नोंद उपलब्ध नाही.
मी विचारलं, एवढी एकच का हो मोकळी?
वैशाली डोणगापुरे चष्मा पुसत म्हणाली,
"तिथं मोजणारं घर राह्यलं नाही,"
आणि रस प्यायला निघून गेली.

त्याच दिवशी रामधन आडेचाही प्रबंध होता :
तांड्यावरचे ढावले,
लेक सासरी निघताना
गळ्यात पडून म्हणायचं रडं.
त्यानं रडण्याचे सात प्रकार पाडले होते,
प्रत्येकाला कोष्टक.
शेवटची तारीख. दोन्ही गठ्ठे टेबलावर उघडे.
पंख्यानं पानं उडवली, तेवढ्यात वीज गेली.
मोबाइलच्या उजेडात मौलाभाईंनी खालून गोळा केली.
फॉन्ट एकच, डाव्या बाजूला समास दीड इंच,
वीज आल्यावर पाच-पाच प्रती निघाल्या.

तिच्या विहिरींत ढावल्याचं एक पान गेलं,
त्याच्या रडण्यात बावीस विहिरी.
मार्गदर्शकांनी सह्या केल्या.
बाहेरच्या परीक्षकांनी लिहिलं : मांडणी सुसंगत आहे.
पेढे आले दोन्हीकडून, कंधारचे आणि औशाचे.

अकरा वर्षांनी रामधन आला.
आता किनवटला प्राध्यापक, कानावर केस पांढरे.
प्रबंध उघडून माझ्यापुढं धरला.
मौलाभाई खाली मान घालून म्हणाले,
"गोंद लगाते वखत मैं पढता नै ना साब.
फुकट बांधून देतो."
तो म्हणाला, बांधू नका.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
झेरॉक्सच्या उजेडाची पट्टी
इकडून तिकडं जात राहिली.
"ही मोकळी विहीर कुणाची आहे, ताई?
मला तिथं जायचंय."

माझ्याकडं तिचा जुना नंबर होता, तो दिला.
लागला की नाही, माहीत नाही.
तो परत आला नाही, तीही आली नाही.
प्रबंधाच्या शेवटच्या पानावर
या विषयात पुढील संशोधनास वाव आहे,
हे वाक्य मी डोळे मिटून टाइप करते;
त्या दिवशी मिटले नाहीत.

आता मौलाभाई प्रत्येक गठ्ठा दोनदा मोजतात,
एकशे सोला, एकशे सतरा
म्हटलं की थांबतात
आणि माझ्याकडं बघतात.
बाहेर एक पोरगी पेन ड्राइव्ह घेऊन उभी,
बालाघाटच्या डोंगरातले कोळी मोजून आलेली.
"आजच पायजे, मावशी."
मी म्हणते, बस. पंखा बंद कर आधी.